मृत वीरांचीं नांवें

घरांतील कोणी वारलें म्हणजे दरवर्षीं त्या दिवशीं आपण त्याची आठवण करितों. राष्ट्र हें एक मोठें कुटुंबच होय; म्हणून रणांगणीं ज्यांनीं देह ठेविला, त्यांचाही एक दिवस बहुतेक राष्ट्रें पाळितात. ही चाल कशी आहे, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

पहिल्या महायुद्धांत पश्चिम आघाडीवरील लढाई ता. ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं सकाळीं अकरा वाजतां थांबली. पुढल्या वर्षीं त्याच घटकेस, राजे पंचम जॉर्ज यांच्या विनंतीवरून, इंग्लंडांत सर्व कामकाज बंद ठेवून लोक दोन मिनिटें स्तब्ध उभे राहिले. ती चाल अद्यापि चालू आहे. त्या सुमारास तेथील लोक छातीवर खसखशीचें तांबडें कागदी फूल लावितात. कारण तोफांनीं उकरलेल्या फ्लँडर्सच्या भूमींत हीं फुलें आपोआप उगवलीं होतीं. पॅरिस येथें विजयकमानीखालीं एक अज्ञात सैनिक पुरलेला असून, त्याच्या थडग्यावरील ज्योत १९२३ पासून रोज सायंकाळीं चेतविली जाते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील लोक ता. २५ एप्रिल रोजीं पहांटे जमतात. कारण १९१५ सालीं त्याच दिवशीं त्यांचे सैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरूं लागले. अमेरिकेंत यादवी युद्धानंतर, १८६८ पासून, थडग्यांवर फुलें वाहण्याचा दिवस पाळूं लागले. तो हल्लीं मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं येतो.

परंतु फुलें व मौन यांहून मोठी गोष्ट म्हणजे नांव. ब्रिटिश साम्राज्यांतील सैनिकांच्या थडग्यांची व्यवस्था पाहण्यासाठीं १९१७ सालीं एक मंडळ स्थापन झालें. हुद्दा, वंश व धर्म न पाहतां प्रत्येक मृताचें नांव कोरावें, हें त्याचें तत्त्व. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें आहेत. पण इराकांतील बसरा येथें हें तत्त्व पाळलें गेलें नाहीं. कुट येथें वेढ्यांत सांपडलेल्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या. १९१६ सालच्या शरणागतीनंतर त्या सैन्यांतील कित्येक शिपाई बंदिवासांत मेले. त्या मोहिमेंत ज्यांचें थडगें ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं बसऱ्याचें स्मारक उभारलें. तेथें इंग्रज शिपायाचें नांव कोरलें गेलें; हिंदी शिपायाच्या वांट्यास पलटणीचें नांव व नुसता आंकडा आला. २०२१ सालीं त्या मंडळानें अशा अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

आपल्या महाराष्ट्रांतही कित्येक खेड्यांत त्या युद्धाची संगमरवरी पाटी आढळते. गांवांतून किती गेले व किती परत आले नाहींत, एवढेंच तींत असतें. उत्तम मेंढपाळ आपल्या प्रत्येक मेंढरास नांवानें ओळखतो, असें शास्त्र आपणांस शिकवितें. मग आपण आपल्या माणसांस केवळ संख्येनें कां ओळखावें? विद्यार्थिमित्रांनो, सुटींत घरीं जाल तेव्हां ती पाटी शोधा, वडीलधाऱ्यांस विचारा, आणि जें नांव हातीं लागेल तें वहींत लिहून ठेवा. दगडावरील आंकड्यास एकेक नांव परत मिळवून देणें, हीही श्रद्धांजलीच होय.