नोकरी गेली तर घर किती महिने चालेल? आकडा काढायची सोपी पद्धत

या भागात आपण एकच आकडा काढणार आहोत. पगार किती, सेव्हिंग किती हे आपल्याला साधारण माहीत असतं. पण उद्यापासून पगार बंद झाला तर घर किती महिने चालेल, हे विचारलं की आपण अंदाज सांगतो. "निघतील की सात-आठ महिने." हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो, आणि तो का चुकतो हेच आज बघायचंय.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांना "एचआरनं मीटिंग लावलीय" असा मेसेज करताना बघितलंय. आमच्या फील्डमध्ये स्टार्टअपसाठी 'रनवे' हा शब्द वापरतात. म्हणजे नवीन पैसा आला नाही तर आहे त्या पैशावर कंपनी किती महिने चालेल. आपल्या घरालाही रनवे असतो. तो आपण कधी मोजत नाही, एवढंच. मी माझेच आकडे घेतो, तुम्ही तुमचे घाला.

पहिली पायरी: थांबवता न येणारा खर्च

माझ्या हातात महिन्याला ७८,००० येतात. त्यातून जातात असे: भाडं १६,०००, गावी आई-बाबांना १५,०००, किराणा-गॅस-वीज ११,०००, बाइकचा हप्ता ५,५००, पेट्रोल-फोन-वायफाय ५,५००, बाबांची औषधं ३,०००, एसआयपी ८,००० आणि बाहेर खाणं, कपडे, ओटीटी, फिरणं मिळून १२,०००. एकूण ७६,०००.

यातली एसआयपी आणि बाहेरचा खर्च त्याच महिन्यात थांबवता येतो. बाकीचं नाही. म्हणजे न थांबणारा खर्च ५६,०००.

दुसरी पायरी: नोकरी गेल्यावर सुरू होणारा खर्च

बहुतेक जण इथे अडकतात. आपण नोकरी गेल्यावर कमी होणारे खर्च मोजतो, वाढणारे विसरतो. त्यात सगळ्यात मोठा खर्च म्हणजे मेडिक्लेम.

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मी आहे, आई-बाबा पण आहेत. पण ही पॉलिसी कंपनीची. नोकरीबरोबर ती पण संपते, साधारणपणे शेवटच्या दिवशीच. बाबांना शुगर आहे. नोकरी गेल्यावर मी धावपळ करून नवीन पॉलिसी घेतली तरी अपघात सोडून इतर आजारांसाठी सुरुवातीचे ३० दिवस थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारासाठी तर कंपन्या ३ वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड लावू शकतात. एप्रिल २०२४ च्या आधी ही मर्यादा ४ वर्षांची होती.

मग उपाय काय? नोकरी असतानाच आई-बाबांची वेगळी पॉलिसी सुरू करायची, म्हणजे वेटिंगचं घड्याळ आजपासून चालू होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झालाय, तेवढा भार कमी. आणि कंपनी सोडायची वेळ आलीच, तर ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे शेवटच्या दिवसाच्या आधी एचआरला विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

मला दोघांसाठी वर्षाला ५४,००० चं कोटेशन मिळालं. म्हणजे महिन्याला ४,५००. शिवाय वर्षातून एकदा येणारे खर्च असतात: बाइकचा इन्शुरन्स, दिवाळी, घरातलं एखादं लग्न. ते मी वर्षाला ३०,००० धरतो, म्हणजे महिन्याला २,५००. आता खरा आकडा झाला ६३,०००.

तिसरी पायरी: आठवड्याभरात हातात येणारा पैसा

माझ्याकडे कागदावर काय आहे बघा. बचत खात्यात ७०,०००, एफडी १,५०,०००, म्युच्युअल फंड १,८०,०००, पीएफ २,९०,००० आणि भिशीत भरलेले ४०,०००. एकूण ७,३०,०००. भागिले ६३,०००, म्हणजे जवळजवळ साडेअकरा महिने. मस्त वाटतं ना? थांबा.

भिशी आधी काढा. मी आईला फोनवर विचारलं, "आई, अडचण आली तर भिशीचे पैसे लगेच मिळतील का गं?" आई म्हणाली, "नंबर लागला तर मिळतील. तुझ्या अडचणीला काय माहीत भिशीचा नंबर!" विषय संपला.

पीएफ पण शून्य धरा. तो तुमचाच पैसा आहे, बुडणार नाही. पण आधार आणि पीएफ खात्यातलं नाव जुळत नाही, जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकलेली नाही, अशा कारणांनी क्लेम अडकू शकतो. ही कामं आत्ताच उरकून ठेवा आणि पैसा म्हातारपणासाठी राहू द्या.

आता म्युच्युअल फंड. फंड विकला की दोन-तीन दिवसांत पैसे येतात, पण किती येतील हा प्रश्न आहे. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२,००० च्या आसपास होता. २३ मार्च २०२० ला तो २६,००० च्या खाली बंद झाला. त्याच आठवड्यात देशभर लॉकडाऊन लागला आणि लोकांचे पगार कापले जायला लागले. मुद्दा कळला का? बाजार पडतो आणि नोकऱ्या जातात, हे अनेकदा एकाच वेळी होतं. म्हणून इक्विटी फंड मी ३० टक्के कमी करून मोजतो: १,२६,०००.

उरलं काय? बचत खातं आणि एफडी मिळून २,२०,०००, म्हणजे साडेतीन महिने. फंड धरला तर ३,४६,०००, म्हणजे साडेपाच. साडेअकरा वाटत होते, निघाले साडेपाच.

पैसा ठेवायचा कुठे?

दोन-तीन महिन्यांचा खर्च बचत खात्यात किंवा ऑनलाइन लगेच मोडता येणाऱ्या एफडीत, आणि शक्यतो दोन वेगळ्या बँकांमध्ये. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. ठेवींवर विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत आहे. आणि हे घरी जरूर सांगा: पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. गावाकडे अजूनही "एक टक्का जास्त मिळतो" म्हणून पतसंस्थेत पैसे ठेवतात. ठेवायचे तर ठेवा, पण अडीअडचणीचे पैसे तिथे नकोत.

रनवे खाणारं क्रेडिट कार्ड

पगार थांबल्यावर सगळ्यात सोपा रस्ता दिसतो तो 'मिनिमम ड्यू' भरायचा. हिशोब करू. कार्डवर ५०,००० बाकी आहेत, व्याज महिन्याला ३.५ टक्के. व्याज झालं १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. एकूण २,०६५. बँकेनं मिनिमम २,५०० सांगितलं आणि तुम्ही ते भरलं, तर मूळ रकमेतून गेले फक्त ४३५. वर, पूर्ण बिल भरलं नाही की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदत पण जाते. म्हणजे किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज.

घरात सोनं असेल आणि पैशाची खरंच गरज पडली, तर गोल्ड लोन बहुतेक वेळा कार्डच्या व्याजापेक्षा खूप स्वस्त पडतं. आईशी बोलून, लाज न बाळगता. आणि हप्ता चुकणार असं दिसलं तर बाउन्स व्हायच्या आधी बँकेत जा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट मोरॅटोरियमची सवलत दिली होती, पण त्या काळातलं व्याज चालूच होतं. सवलत म्हणजे माफी नाही, हे लक्षात ठेवा.

मग किती महिने पुरेत?

घरात दोघं कमावते असाल आणि कुणी अवलंबून नसेल तर तीन-चार महिने चालून जाईल. एकट्याच्या पगारावर आई-बाबा असतील तर मी म्हणेन निदान सहा, आणि तेही फंड न धरता. माझ्या हिशोबानं ३,७८,००० लागतात, आहेत २,२०,०००. म्हणून मी एसआयपीचे ८,००० आणि बाहेरच्या खर्चातले ४,००० असे १२,००० दर महिन्याला त्या एफडीकडे वळवलेत. साधारण तेरा-चौदा महिने लागतील. हळू आहे, पण आता भीतीला आकडा मिळालाय. आधी नुसतं पोटात गोळा यायचा.

आज रात्री फोनच्या नोट्समध्ये तीन ओळी लिहा: न थांबणारा खर्च, नवीन सुरू होणारा खर्च, आठवड्यात मिळणारा पैसा. पहिल्या दोन ओळींची बेरीज करा आणि तिसरीला तिनं भागा. जो आकडा येईल तो घरी सांगा, लपवू नका. बाबांना काळजी वाटेल म्हणून आपण बोलत नाही, आणि आपल्याला टेन्शन नको म्हणून ते त्यांच्या औषधांचं बोलत नाहीत.

पुढच्या भागात आई-बाबांची पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये जुने आजार कसे लिहायचे ते बघू. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!