सोबती चार पायांचे (भाग ६) : खुब्याची उखळ

गेल्या आठवड्यात पिल्लाच्या दातांविषयी बोललो. आज मागच्या पायांकडे वळू.

सात-आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर जिना चढताना नीट बघा. एरवी मागचे पाय एकापाठोपाठ एक पडतात. एखादं पिल्लू मात्र दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारतं. घरच्यांना गंमत वाटते, व्हिडिओ निघतो. तेच पिल्लू बसलेलं उठताना पुढच्या पायांवर भार देऊन मागचं धूड ओढून आणत असेल, चार पावलं पळून बसकण मारत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. खुबा तपासून घ्या.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतं. हिप डिस्प्लेसियात ही जोडी सैल पडते. जन्मतः खुबे ठीक असतात. सैलपणा येतो तो पुढच्या काही आठवड्यांत. मग डोकं वाटीच्या कडेला घसरत राहतं, वाटी उथळ होते, कूर्चा झिजते आणि शेवटी संधिवात जडतो. डॉक्टर पिल्लाला गुंगी देऊन मांडी हळूच बाहेर वळवतात, तेव्हा सरकलेलं डोकं ‘खट्’ करून वाटीत परततं. या तपासणीला ओर्तोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञाचं नाव आहे; मूळची ती माणसाच्या तान्ह्या बाळांसाठीची. पक्कं निदान एक्स-रेवर होतं.

दोष आनुवंशिक आणि तोही अनेक जनुकांचा. त्यामुळे न लंगडणाऱ्या आईबापांच्या पोटीही तो येतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर घेताना वंशावळीच्या कागदाबरोबर आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रेही मागा.

रक्तातलं आपल्या हाती नाही, पण ताटातलं आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून जन्मभर अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांच्या खुब्यांत संधिवात उशिरा आणि कमी आला. शिवाय ते सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले. तेव्हा कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता बोटांना लागल्या, तर वजन ठीक. चाचपडावं लागत असेल, तर चहाबरोबरची बिस्किटं आधी बंद. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं देत असाल, तर वर कॅल्शियमची बाटली नको. जादा कॅल्शियमने हाडांची वाढ उलट बिघडते.

तीन महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला जिना नको, मऊ मातीवर मोकळं हुंदडू द्या. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. दुखऱ्या खुब्याला चेंडूमागची धावाधाव सोसत नाही. रोज ठरावीक, बेताचं चालणं आणि जमल्यास पोहणं उत्तम. घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन मात्र देऊ नका. कुत्र्याला ती विषारी ठरू शकतात.

शस्त्रक्रिया आहेत, पण काहींची वेळ ठरलेली असते. एक तर पाच महिन्यांच्या आतच करावी लागते. मोठ्या कुत्र्यात मांडीच्या हाडाचं डोकं काढतात किंवा अख्खा सांधा बदलतात. मात्र एक्स-रे बघून हबकू नका. खराब खुब्याची कितीतरी कुत्री बारीक राहून मजेत म्हातारी होतात. फोटोपेक्षा त्याच्या चालीकडे लक्ष असू द्या.

पुढच्या आठवड्यात : पावसाळा आणि गोचीड.