मुख्याध्यापकांची बदली झाल्यावर शाळेत काय उरतं?

जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी कधी ना कधी बदलून जाणार, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. आदेश येतो, शाल-श्रीफळ होतं, चार मुली डोळे पुसतात आणि गुरुजी दुसऱ्या तालुक्यात रुजू होतात. त्यांनी सुरू केलेलं शनिवारचं वाचन, मुलांनी लिहिलेल्या मजकुराचा फळा, मुलींचा कबड्डीचा संघ यांचं पुढे काय होतं? बहुतेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षांत ते सगळं हळूहळू थांबतं. पण काही ठिकाणी थांबत नाही. का थांबत नाही, या प्रश्नानं मला कायम ओढून घेतलं आहे. त्याची दोन विलक्षण उत्तरं छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातच सापडतात. एक शहराबाहेरच्या खेड्यात, दुसरं शहरातल्या नागसेनवनात, आणि दोहोंमध्ये सत्तर वर्षांचं अंतर.

आधी मुख्याध्यापक नावाच्या माणसाचं गूढ पाहू. शाळेतल्या बहुतेक मुलांना हा माणूस प्रत्यक्ष शिकवत नाही. तरीही केनेथ लीथवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष असा निघाला की शाळेच्या हातात असलेल्या गोष्टींपैकी मुलांच्या शिकण्यावर सगळ्यांत जास्त परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा होतो आणि त्याच्या खालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा. कसा होत असेल? पहिलीचा वर्ग कुणाकडे द्यायचा, हे मुख्याध्यापक ठरवतात. एखाद्या बाईंनी काही नवं करून पाहिलं आणि ते फसलं, तर त्यांना बोल लावायचा की पाठीवर हात ठेवायचा, हेही तेच ठरवतात. शिक्षक एकमेकांच्या वर्गात डोकावतात की आपापलं दार लावून बसतात, हे मुख्याध्यापकांच्या वागण्यावरून ठरतं. मुलापर्यंत या माणसाचा हात थेट पोचत नाही, तो दुसऱ्यांच्या हातातून पोचतो. शाळेच्या नेतृत्वातली सगळी किमया इथे आहे, आणि सगळा धोकाही.

धोका अँडी हारग्रीव्ह्ज आणि डीन फिंक या अभ्यासकांनी दाखवून दिला. अमेरिका आणि कॅनडातल्या आठ माध्यमिक शाळांचा सुमारे तीन दशकांचा प्रवास त्यांनी अभ्यासला. चांगले मुख्याध्यापक आले, शाळा फुलली, ते गेले आणि शाळा पूर्वीच्या जागी येऊन थांबली, असं पुन्हा पुन्हा दिसलं. जाणाऱ्यानं कामाची धुरा कुणाच्या हाती द्यायची, याचा विचार जवळजवळ कुणीच वेळेवर केलेला नव्हता.

आपल्याकडे वेगळ्या वळणानं तेच घडतं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं, म्हणजे मुलं स्वतः करून पाहत शिकतील अशा रीतीनं, फरशीवरच्या आकृत्यांचा वापर करत मुलांना शिकतं केलं. ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येऊ लागल्या. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, तेव्हा ही कल्पना गावोगाव पोचली. सगळ्यांत वेगानं पोचला तो जमिनीवरचा रंग! वर्गाच्या फरशीवर गोल, चौकोन, अंकांच्या चौकटी रंगवल्या गेल्या. ज्या शाळेत त्या आकृत्यांमागचं कारण शिक्षकांनी आपलंसं केलं, तिथे मुलं फरशीवर बसून खरोखर शिकली. बाकीच्या ठिकाणी पावसाळ्यागणिक रंग उडत गेला. एखादी गोष्ट दिसते कशी, याची नक्कल आठवड्यात होते. ती का केली, हे एका माणसाकडून दुसऱ्या माणसात उतरायला मात्र बराच काळ लागतो.

आता सुरुवातीला म्हटलेलं ते खेडं, गाडीवाट. छत्रपती संभाजीनगर शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवरचं गाव, तिथे जिल्हा परिषदेची शाळा. २०१९ मध्ये या शाळेनं चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, की परदेशी भाषा शिकायची झाली तर कोणती शिकाल? मुलांनी सांगितलं, जपानी. कारण त्यांना रोबो बनवायचे होते, आणि रोबो म्हणजे जपान हे त्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. शिकवणार कोण? शाळेत कुणालाच जपानी येत नव्हतं. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप हाताशी धरून सुरुवात केली. पुढे २०२० मध्ये शहरातल्या एका भाषा-अभ्यासकानं ऑनलाइन वर्ग विनामूल्य घ्यायला घेतले. शाळेतल्या सुमारे चारशेपैकी साडेतीनशेहून जास्त मुलं जपानी शिकत असल्याच्या बातम्या त्या वर्षी देशभर छापून आल्या.

या बातमीनं बहुतेक लोक थक्क झाले ते जपानीमुळे. त्या थक्क होण्यातही एक सुंदर गोष्ट लपलेली आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जपानी भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, अगदी मराठीसारखं. आपण ‘शाळेत’ म्हणतो, तेव्हा प्रत्यय शब्दाच्या मागे लागतो. जपानीतही ‘गाक्को नी’ म्हणताना तेच होतं. इंग्रजी शिकताना मराठी मुलाला वाक्य उलटंपालटं करावं लागतं, जपानीत तो त्रास फारसा नाही. आणि जपानी अक्षरांचा तक्ता पाहिला तर आणखीच नवल वाटतं. आधी स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी. या क्रमावर आपल्या वर्णमालेची छाप आहे, असं अभ्यासक मानतात. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत आणि तिच्याबरोबर वर्णांची ही मांडणी जपानला पोचली. गाडीवाटच्या मुलांनी हा तक्ता पाठ केला, तेव्हा फार जुनी ओळख ती नव्यानं करून घेत होती.

पण मला जपानीहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळात सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हते. तेव्हा शाळेनं ‘विषयमित्र’ नेमले. ज्या मुलांना ऑनलाइन तासाला बसता येई, ती नंतर फोन नसलेल्या मुलांना तेच शिकवत. अडचणीतून निघालेली ही सोय, पण शिक्षणाच्या अभ्यासकांना त्यात फार जुना धागा दिसेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोरमध्ये अँड्र्यू बेल नावाचे पाद्री अनाथ मुलांची शाळा चालवत होते. देशी शाळेत मुलं वाळूवर बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि तसंच आपल्या शाळेत करायचं ठरवलं. शिक्षकांनी नकार दिला. मग बेल यांनी आठ वर्षांच्या एका मुलालाच लहान मुलांना शिकवायला लावलं. १७९७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडच्या शेकडो शाळांत गेली. तिथे ती कमी खर्चात पाठांतर करून घेण्याचं साधन होऊन बसली, याची मला हळहळ वाटते. कारण शिकवणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय घडतं, ही त्या पद्धतीतली खरी मोलाची गोष्ट होती.

ते काय घडतं, याचा सुरेख प्रयोग जॉन नेस्टॉयको आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. दोन गटांना एकच मजकूर वाचायला दिला. एकाला सांगितलं की यावर परीक्षा होईल, दुसऱ्याला सांगितलं की हे तुम्हाला कुणाला तरी शिकवायचं आहे. प्रत्यक्षात शिकवायला कुणालाच लावलं नाही, परीक्षा दोघांचीही घेतली. तरी ‘शिकवायचं आहे’ असं समजून वाचणाऱ्यांना जास्त आठवलं, आणि आठवलेलं अधिक नीट जोडलेलं होतं. मुख्य काय, त्याला आधार कशाचा, आधी काय सांगावं, हे त्यांचं मन वाचतानाच लावून घेत होतं. नुसत्या अपेक्षेनं इतका फरक पडतो!

आता हे बदलीच्या प्रश्नाशी जोडून पाहा. शाळेतून दरवर्षी सगळ्यांत मोठा वर्ग बाहेर पडतो. मुख्याध्यापक चार-पाच वर्षांनी जातात, पण आठवीची मुलं दर जूनला गेलेलीच असतात. म्हणजे सातवीनं पाचवीला शिकवायचं हा रिवाज ज्या शाळेत रुजला, ती शाळा वारसा पुढे देण्याचा सराव दरवर्षी करते. गुरुजींची बदली ही तिथे अनेक निरोपांपैकी एक ठरते. त्याला पालकांची साथ मिळाली तर आणखी बळ येतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात असं सांगितलं आहे. या समितीतल्या आयांची बदली होत नाही. नव्या गुरुजींना ‘शनिवारचं वाचन का बंद केलंत?’ असं त्या विचारू शकतात, फक्त ते वाचन कशासाठी होतं हे आधीच्या गुरुजींनी त्यांना विश्वासात घेऊन सांगितलेलं हवं.

आणि आता नागसेनवन. यासाठी १९५० च्या मराठवाड्यात जावं लागेल. निजामी राजवट संपून दोनच वर्षं झालेली. हैदराबाद राज्याचं विद्यापीठ म्हणजे उस्मानिया, तेही दूर हैदराबादला, आणि तिथलं शिक्षण अनेक वर्षं उर्दूत. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, इंटरपर्यंतची सोय होती. पदवी हवी तर घर सोडून लांब जावं लागे, आणि ज्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी पाटी धरली नव्हती त्यांना ते कसं जमणार? मुंबईत १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज उभं केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुसऱ्या मोठ्या कामासाठी हे शहर निवडलं. जून १९५० मध्ये कॉलेज सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

पुढे कॉलेजला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळालं. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतो. म्हणजे विद्यार्थी ज्या दारातून आत जाणार, त्याला नाव दिलं गेलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं. संस्थापकाच्या मनात काय होतं, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

सुरुवातीच्या काळातले प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. अभ्यासक्रम पुरा करून ते थांबले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणलं. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी जमलेल्या अफाट जनसमुदायापुढेही त्याचा प्रयोग झाला. ज्याला गावात चावडीवर बसायची मुभा नव्हती, तो मुलगा हजारोंसमोर उभा राहून मोठ्या आवाजात बोलला. हे कोणत्या परीक्षेत मोजणार? शिवाय आवारात वसतिगृह होतं. वसतिगृह असलं की फॉर्म कसा भरायचा, ग्रंथालयात पुस्तक कसं मागायचं, प्राध्यापकांना शंका कशी विचारायची हे सगळं वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला खोलीत बसून शिकवतो. घरी सांगणारं कुणी नाही, त्याच्यासाठी ती खोलीच घर.

६ डिसेंबर १९५६. बाबासाहेब गेले, तेव्हा कॉलेजला साडेसहा वर्षं झाली होती. हारग्रीव्ह्ज आणि फिंक यांनी पाहिलेल्या शाळांसारखं झालं असतं, तर इथली उभारी तिथेच ओसरायला हवी होती. पुढे सोसायटीच्या कारभारावरून वाद झाले, ते कोर्टापर्यंत गेले, हेही खरं आहे. तरी नागसेनवनातून जे निघालं ते थांबलं नाही, कारण तोवर ते माणसांत उतरलं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात इथे बी.ए. झाले आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. देशभरच्या महाविद्यालयांबद्दलचे निर्णय मिलिंदमध्ये घडलेला विद्यार्थी घेत होता.

आणि गंगाधर पानतावणे. नागपूरचे, मिलिंदमध्ये मराठी शिकवायला आलेले. १९६७ च्या सुमारास याच परिसरातून त्यांनी दलित साहित्याचं नियतकालिक सुरू केलं, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ म्हणून ओळखलं गेलं. दलित तरुणांची दलित पँथर ही संघटना १९७२ ची, म्हणजे या नियतकालिकाच्या नंतरची. या त्रैमासिकात पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांना जागा मिळत होती. लेखक-वाचक मेळावे भरत आणि वाचक म्हणून आलेला माणूस पुढच्या मेळाव्यात लेखक म्हणून उभा राही. गाडीवाटचा विषयमित्र करतो तेच, फक्त इथे विषय स्वतःचं जगणं होता. पानतावणे पुढे औरंगाबादच्याच विद्यापीठाच्या मराठी विभागात गेले. त्यांच्यासोबत नियतकालिकही गेलं आणि कित्येक दशकं निघत राहिलं. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ‘अस्मितादर्श’चे हे संपादक.