एका पेटीत दोन बाळं

'बाळाला पेटीत ठेवलंय' म्हटलं की अख्ख्या घराच्या पोटात गोळा येतो. आज त्या पेटीबद्दल, म्हणजे इन्क्युबेटरबद्दल, आणि हॉस्पिटलमध्येच लागणाऱ्या इन्फेक्शनबद्दल बोलू.

ऑगस्ट २०१७. नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या नवजात कक्षात एका महिन्यात ५५ बाळं दगावल्याची बातमी देशभर गेली. प्रशासन म्हणालं, हलगर्जीपणा नव्हता. बाळं अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची होती, बरीचशी उशिरा आणली गेली. कुठलं बाळ कशानं गेलं हे आपण इथे बसून ठरवायचं नाही. पण एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत होती, हेही तेव्हाच बाहेर आलं. माझ्या मते खरी बातमी ती होती.

का? आईच्या अँटिबॉडीज बाळाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. लवकर जन्मलेलं बाळ त्याशिवायच येतं. कातडी पातळ, त्यात सलाईनची सुई, नाकात नळी. क्लेबसिएलासारखा जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातो तो बहुतेकदा हातांवरून. ग्लोव्हज घातले तरी तेच ग्लोव्हज घालून पुढच्या बाळाला हात लावला तर उपयोग शून्य! सॅनिटायझर नीट चोळायला २०-३० सेकंद लागतात. आता एका नर्सकडे किती बाळं आहेत ते मोजा, म्हणजे गणित कळेल. नुसतं 'हात धुवा' असं पोस्टर लावून हे सुटत नाही.

आणि ही अडचण फक्त आपलीच नाही बरं का. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात हेच चालू होतं: पेट्या कमी, बाळं जास्त, इन्फेक्शन खूप. डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी, उघड्या कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. तीच कांगारू मदर केअर. २०२१ मध्ये पाच देशांतल्या अभ्यासात (आपलं दिल्लीचं सफदरजंगही त्यात होतं) जन्मानंतर लगेच हे सुरू केल्यावर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

बाळ बघायला जाणार असाल तर घड्याळ, अंगठी काढा. हात धुतल्यावर मोबाईल हातात घेतलात? मग परत धुवा. फोटो नंतर काढा ना! सर्दी असेल तर व्हिडिओ कॉल करा. आणि आईला आराम हवा असेल, तर कांगारू केअर बाबालाही जमते. पुढून उघडणारा शर्ट घालून जा.