अभयारण्याच्या वाटेवर दोघे

लग्नाला एकतीस वर्षे झाली. पण आमच्या कापडाच्या दुकानाचे शटर सलग पाच दिवस खाली राहिल्याचे मला स्मरत नाही. लेकीचे लग्न झाले तेव्हाही चौथ्या दिवशी गल्ल्यावर बसलेले हे मी पाहिले आहेत. म्हणून यंदा माघात यांनी आपण होऊन ‘गाडी काढू या, समुद्राकाठाने जाऊन येऊ’ असे म्हटले, तेव्हा मी आधी यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. दुकान आता मुलाने सांभाळायला घेतले आहे आणि यांना प्रथमच मोकळा वेळ सापडला आहे, एवढेच कारण होते.

तीर्थयात्रा आम्ही पुष्कळ केल्या. परंतु त्या संघाबरोबर, बसमध्ये चाळीस माणसांच्या सोबतीने. केवळ दोघांनी निघायचे, वाटेल तेथे थांबायचे, असा प्रवास हा पहिलाच. पुण्याहून पनवेल, तेथून कर्नाळा, अलिबाग, मुरूड, खाडी ओलांडून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि म्हसळा-माणगाववरून ताम्हिणी घाटाने परत, अशी रायगड जिल्ह्याला घातलेली ही प्रदक्षिणाच होती. वाटेत समुद्रकाठची जुनी गावे होती, तशीच अभयारण्येही होती. घरून निघताना आम्ही समुद्र पाहायला निघालो होतो. परतताना मनात राहिली ती मात्र ही अभयारण्येच.

सुगरणीचे घर

पनवेल सोडले की मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला अंगठ्यासारखा उभा असलेला कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचे जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. महामार्ग या अभयारण्यातूनच जातो. पण फाटकातून दोनशे पावले आत गेलो आणि मोटारींचा गलका मागे पडला. दुर्बीण आमच्याजवळ नव्हती. तरीही लांब पांढऱ्या फितीसारखी शेपटी झुलवत स्वर्गीय नर्तक नावाचा पक्षी समोरच्या फांदीवरून उडाला, तेव्हा हे कितीतरी वेळ बोलले नाहीत. दुकानात शांततेची सवय नसलेल्या माणसाचे हे मौन मला नवीन होते.

पेण, वडखळ करत दुपारी किहीमला पोहोचलो. माडांच्या सावलीतले हे गाव पक्षिशास्त्राच्या इतिहासात अजरामर आहे. १९३० साली डॉ. सालिम अली जर्मनीतील अभ्यास संपवून परतले तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले आणि जवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे त्यांनी महिनोन्‌महिने निरीक्षण केले. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. अर्धे घरटे विणून तो थांबतो. मादी येते, आत शिरून पारख करते आणि पसंत पडले तरच तेथे संसार मांडते. नापसंत घरटी तशीच लोंबकळत राहतात. पसंती मिळालेला नर घरटे पुरे करतो आणि शेजारी दुसरे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी!

हे सारे मी यांना एका शिंदीच्या झाडाखाली उभी राहून सांगितले. पावसाळ्यातली जुनी, वाळलेली घरटी त्यावर अजून झुलत होती. ‘आमचे घर तू कधी पारखून पाहिलेस?’ यांनी विचारले. ‘मला आत नेल्यावरच कडी लावलीत, पारखणार केव्हा?’ मी म्हटले. एकतीस वर्षांत असे बोलायला आम्हांला सवड मिळाली नव्हती.

अलिबाग ते जंजिरा

अलिबागेत भरती-ओहोटीचे वेळापत्रक हेच घड्याळ. ओहोटीला समुद्र मागे सरला की कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. छत्रपती शिवरायांच्या अखेरच्या वर्षात, १६८० मध्ये, या जलदुर्गाची उभारणी सुरू झाली आणि पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने येथूनच पश्चिम किनाऱ्यावर दरारा बसवला. कान्होजींची समाधी अलिबाग शहरात आहे. याच शहरात एक चुंबकीय वेधशाळाही आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे तेथील कुलाबा वेधशाळेच्या मापनात व्यत्यय येणार, हे ओळखून हे काम १९०४ मध्ये अलिबागेला आणले गेले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची सूक्ष्म नोंद घ्यायची तर आसपासचा गोंगाटही सूक्ष्मातला चालत नाही.

आमच्या आहाराची काळजी निघण्यापूर्वी अनेकांनी वाहिली होती. मासळीच्या मुलखात कांदा, लसूण, बटाटा न खाणाऱ्यांचे कसे व्हायचे? प्रत्यक्षात नागावच्या घरगुती निवासात मालकीणबाईंनी आदल्या दिवशी फोनवर सगळे विचारून घेतले आणि वेगळ्या भांड्यांत वालाचे बिरडे, ओल्या फणसाची भाजी, तांदळाची भाकरी आणि लसणाविना सोलकढी असे सुग्रास जेवण केले. ‘आधी सांगितलेत म्हणून बरे, ऐन वेळी अवघड होते,’ एवढेच त्या म्हणाल्या. अलिबागच्या प्रसिद्ध पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या होत्या. त्यांचे आम्ही दुरूनच कौतुक केले. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकत असल्यामुळे एक लाभ अनपेक्षित झाला. इतर प्रवासी संध्याकाळी भोजनाच्या व्यवस्थेत गुंतलेले असत, तेव्हा आम्ही दोघे जेवून, हात धुऊन, रिकाम्या वाळूवर सूर्य बुडताना पाहत असू.

तिसऱ्या दिवशी चौल-रेवदंडा. प्राचीन काळापासून हे बंदर परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानच्या भूमीवर उतरला तो याच चौलला. पलीकडच्या कोर्लईच्या पायथ्याशी एक ख्रिस्ती वस्ती आहे. १७४० साली पोर्तुगीज येथून गेले. पण त्यांच्या भाषेतून निपजलेली एक बोली या गावात आजही घरोघरी बोलली जाते. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी आमच्याशी मराठीत बोलता बोलता नातवाला त्या बोलीत हाक मारली. राज्य गेले, तोफा गंजल्या. आजीच्या तोंडची हाक राहिली.

मुरूडजवळ राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. सिद्दींचा हा जलदुर्ग अखेरपर्यंत अजिंक्य राहिला आणि १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले तेव्हाच त्यावरील सत्ता संपली. चहूबाजूंना खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचा विस्तीर्ण तलाव, हे दृश्य विलक्षण आहे.

शिकारीचे रान, अभयाचे रान

पण मला सांगायचे आहे ते फणसाडविषयी. काशीद-मुरूडच्या मागील डोंगरावरचे सुमारे सत्तर चौरस किलोमीटरचे हे जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. नवाबाखेरीज इतरांना येथे बंदूक उडवण्याची मुभा नव्हती, म्हणूनच ते टिकले, असे आमचा वाटाड्या म्हणाला. १९८६ साली ते अभयारण्य झाले. येथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. अशाच एका गाणीच्या काठी आम्ही पहाटे तासभर न हलता बसलो. डोक्यावर गारंबीच्या वेलीचे मनगटाएवढे पिळे आणि त्यांवरून हात-हातभर शेंगा लोंबत होत्या. एकाएकी वरच्या फांद्यांत खळबळ झाली आणि तांबूस, झुपकेदार शेपटीचे शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, या झाडावरून त्या झाडावर झेपावले.

‘अभय’ हा शब्द आपण प्रवचनांतून शेकडो वेळा ऐकतो. दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ, हे लहानपणापासून पाठ आहे. परंतु ज्या पाणवठ्यावर दबा धरून बंदुका बसत, त्याच पाणवठ्यावर आज भेकर निर्धास्त मान खाली घालून पाणी पिते, हे पाहिल्यावर त्या शब्दाचा अर्थ मला डोळ्यांनी दिसला.

खाडीपलीकडे

आगरदांड्याहून गाडीसह फेरीबोटीत बसून दिघीला उतरलो. पुढे दिवेआगरच्या वाड्यांतून जाताना मधूनच उघडे आभाळ दिसे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने येथील माड-पोफळी आडव्या केल्या. एका वाडीत वृद्ध जोडपे रोपांना पाणी घालत होते. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. ‘तोपर्यंत आम्ही असू-नसू, झाड असेल,’ आजोबा सहज म्हणाले आणि बादली घेऊन पुढच्या आळ्याकडे वळले.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. १७१३ मध्ये ते पेशवे झाले आणि कोकणातल्या या लहानशा गावाचे नाव इतिहासात गेले. हरिहरेश्वराला लाटांनी कोरलेल्या खडकांची नक्षी पाहिली. या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात आणि गावकरी व वनविभाग मिळून ती अंडी जाळीच्या कुंपणात सांभाळतात. पिले बाहेर पडली की त्यांना पाण्याच्या दिशेने सोडतात; उचलून पाण्यात टाकत नाहीत. वाळूवरची ती चार पावले त्यांची त्यांनीच चालायची असतात.

चिरगावचा धडा

अखेरच्या दिवशी परतीच्या वाटेवर म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात थांबलो. तेथे उंच झाडांवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची वसाहत आहे, असे ऐकले होते. खरे सांगते, माझे मन कचरत होते. गिधाड म्हणजे अशुभ, असाच संस्कार. हेही ‘दुरूनच पाहू’ म्हणाले.

एक तरुण कार्यकर्ता आम्हांला लांबच्या उंचवट्यावर घेऊन गेला. घरट्याजवळ कोणाला जाऊ देत नाहीत. त्याने जे सांगितले ते ऐकून आमचे पाय तेथेच खिळले. गिधाड कोणालाही मारत नाही. जे आधीच मेले आहे त्याचीच विल्हेवाट लावते. मादी वर्षाला एकच अंडे घालते. भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या दर हजार गिधाडांमागे सुमारे नऊशे नव्व्याण्णव नाहीशी झाली. ना शिकार, ना साथ. कारण सापडले ते गुरांना वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधात. ते दिलेले जनावर दोन-चार दिवसांत मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. एका मृत जनावरावर कितीतरी गिधाडे उतरतात. म्हणून शंभर मृत जनावरांपैकी एखाद्यातच विष असले तरी एवढा संहार व्हायला पुरे.

‘म्हणजे शेवटच्या आजारात ज्याला आराम पडावा म्हणून औषध दिले, ते जनावर?’ यांनी हळूच विचारले. तो ‘हो’ म्हणाला.

माझ्या सासऱ्यांच्या स्मरणार्थ १९९८ पासून हे दरवर्षी एका पांजरपोळाला आजारी, वृद्ध गुरांच्या औषधोपचाराचा खर्च देतात. ‘खाटकाकडून सोडवलेल्या जिवाला शेवटचे दिवस वेदनेविना जावेत’ हा सासऱ्यांचा हेतू. आमच्या घरातले ते सर्वांत अभिमानाचे दान. कोणते औषध, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

ताम्हिणी चढेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. माथ्यावर यांनी गाडी बाजूला घेतली आणि पांजरपोळाच्या पशुवैद्यांना फोन लावला. डॉक्टर मनमोकळे निघाले. आता आम्ही मेलॉक्सिकॅम वापरतो, ते गिधाडांना अपायकारक नाही, असे त्यांनी सांगितले. मग किंचित थांबून म्हणाले, ‘वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काय वापरत होतो, ते विचारू नका, शेठजी. तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.’

कोणालाच ठाऊक नव्हते, हे खरे आहे. २००६ साली सरकारने गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही. परंतु माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक बाजारात मिळतेच, आणि ते गोठ्यात पोहोचू नये याची जबाबदारी कायद्याइतकीच आपलीही आहे. आपल्या समाजाने चालवलेल्या पांजरपोळांची आणि गोशाळांची संख्या मोठी आहे. देणगीची पावती घेताना एक प्रश्न विचारला, तर कोणी दुखावणार नाही: वेदनाशामक म्हणून येथे काय देतात?

आम्ही दान थांबवलेले नाही. या वर्षीच्या धनादेशासोबत यांनी स्वहस्ते पत्र लिहिले, त्यात हाच प्रश्न विचारला आणि उत्तर लेखी मागितले. एकतीस वर्षांत दुकानाच्या पत्रव्यवहाराखेरीज यांनी लिहिलेले हे पहिलेच पत्र. मजकूर माझ्याकडे सरकवून म्हणाले, ‘पारखून बघ.’ मी दोन शब्द बदलले आणि पाकीट बंद केले.

निघणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ओहोटीच्या वेळा स्थानिकांना विचारूनच कुलाबा किल्ल्यात जावे. भोजनाच्या मर्यादा घरगुती निवासाच्या मालकांना एक दिवस आधी कळवाव्यात. फणसाडला स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि भडक कपडे टाळावेत. कासवांच्या पिलांजवळ प्रकाशझोत वापरू नये. गिधाडांच्या वसाहतीजवळ स्वतःहून कधीही जाऊ नये. दुरून, कोणाच्या तरी परवानगीने पाहावे. त्यांना आपल्याकडून तेवढेच अभय हवे आहे.