एक आदेश, ८५ लाख संगणक

घरात चार माणसं, चार मोबाइल. एखाद्याचं अपडेट राहिलं तर फारसं बिघडत नाही. पण एखाद्या बँकेत पाच हजार संगणक असतील, तर प्रत्येकासमोर जाऊन बसणार कोण? ते बसावं लागू नये, हेच माझं काम. इंदूरचे आमचे नातेवाईक मात्र अजूनही ‘हा कॉम्प्युटर दुरुस्त करतो’ एवढंच सांगतात. म्हणून या व्यवस्थेची रचना जरा समजावून सांगतो.

तिचे मुख्य भाग तीन. मध्यभागी सर्व्हर. कोणत्या संगणकावर काय असायला हवं, याची नोंद तिथे असते. प्रत्येक संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला एजंट म्हणतात. तिसरा भाग म्हणजे दोघांमधला सुरक्षित संवाद. आदेश खऱ्या सर्व्हरकडूनच आला आहे ना, हे एजंट प्रमाणपत्र पाहून ठरवतो.

‘पपेट’ या प्रणालीत एजंट सहसा दर ३० मिनिटांनी सर्व्हरला स्वतःच विचारतो. जे हवं आणि जे आहे, त्यात फरक असेल तेवढंच बदलतो. त्यामुळे तीच सूचना दहा वेळा दिली तरी बिघाड होत नाही. ‘ॲन्सिबल’मध्ये असा कायमचा एजंट लागत नाही, केंद्रच संगणकात प्रवेश करून काम उरकतं.

सोय मोठी आहे, पण जोखीमही तिथेच आहे. एका जागेवरून सगळं दुरुस्त करता येतं, तसं सगळं बंदही पाडता येतं.

१९ जुलै २०२४ला जगाने ते पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीचा ‘फाल्कन’ हा सुरक्षा-एजंट विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ला कंपनीने त्याच्यासाठी एक छोटी फाइल पाठवली. फाइलला २१ माहिती-घटक अपेक्षित होते, संगणकावरचा प्रोग्रॅम २०च पुरवत होता. नसलेला एकविसावा वाचायला जाताच विंडोज कोसळलं. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

मग केंद्रातूनच दुरुस्ती का पाठवली नाही? कारण बहुतेक संगणक सुरू होतानाच पुन्हा कोसळत होते. आदेश घ्यायला एजंट जागाच नव्हता. शेवटी माणसंच एकेका संगणकापाशी गेली, तो सेफ मोडमध्ये सुरू केला आणि ती फाइल काढून टाकली. डिस्क कुलूपबंद असेल, तर आधी ४८ अंकी किल्ली टाइप करायची. हजारो संगणकांसमोर बसणं वाचवणारी व्यवस्था पडली, तेव्हा नेमकं तेच करावं लागलं.

एजंटची नवी आवृत्ती थोडी उशिरा घेण्याची मुभा ग्राहकांना होती. ही फाइल मात्र सगळीकडे एकदमच गेली. त्यानंतर कंपनीने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरोघरी होते. इथेही तेच करायचं: आधी दहा संगणक, मग शंभर, मग सगळे.

तुमच्यापैकी कोणी या क्षेत्रात येणार असाल, तर नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न विचारा. नवा आदेश आधी किती संगणकांवर जातो? आणि एजंटच बंद पडला, तर त्या संगणकापर्यंत पोहोचायची दुसरी वाट कोणती? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर ती वाट तयार करणं हेच तुमचं पहिलं काम समजा.