लेमीचा ‘ऑफिसनंतरचा’ बँड

कानठळ्या बसवणारं संगीत वाजवणं हाच ज्याचा जॉब, तो माणूस सुट्टीत काय करतो? उत्तर एकदम सिंपल आहे... तो पुन्हा वाजवतो. फक्त या वेळी स्वतःसाठी!

शुक्रवारची संध्याकाळ. कॉम्प्युटर बंद, आयकार्ड खिशात... आणि अचानक घरी कपाटावर धूळ खात पडलेली गिटार आठवते. ‘कॉलेजात जाम वाजवायचो यार, आता वेळच कुठे मिळतो?’ हा डायलॉग आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मारलेला असतो. गिटारच्या जागी चित्रकला म्हणा, नाटक म्हणा किंवा गल्लीतलं क्रिकेट म्हणा. तर बॉस, आज भेटा लेमीला.

लेमी किलमिस्टर. १९७५ मध्ये ‘हॉकविंड’ बँडमधून त्याची हकालपट्टी झाली आणि त्याच वर्षी त्याने लंडनमध्ये ‘मोटरहेड’ सुरू केला. १९८० च्या ‘एस ऑफ स्पेड्स’ने तर धमालच उडवली. उंच लावलेला माइक, वर केलेली मान, खरखरीत आवाज आणि ऱ्हिदम गिटारसारखी बडवलेली बास गिटार! हेवी मेटलवाल्यांचा हा देवच.

गंमत म्हणजे, देवाला स्वतःला ‘हेवी मेटल’ हे लेबल फारसं पसंत नव्हतं. आम्ही रॉक अँड रोल वाजवतो, असं तो प्रत्येक शोमध्ये ठणकावून सांगायचा. पब्लिकला वाटायचं, ही त्याची स्टाइल आहे. पण तो अगदी खरं बोलत होता. १९४५ मध्ये जन्मलेला हा पोरगा एल्विस, बडी हॉली आणि लिटल रिचर्डच्या रेकॉर्ड ऐकत वाढला होता. मेटल वगैरे सगळं नंतरचं.

पन्नाशी ओलांडल्यावर एकदा त्याला एल्विसला सलाम करणाऱ्या एका अल्बमसाठी बोलावणं आलं. सोबत होते ‘स्ट्रे कॅट्स’चा ड्रमर स्लिम जिम फँटम आणि ‘रॉकॅट्स’चा गिटारिस्ट डॅनी बी. हार्वी. रेकॉर्डिंग आटोपलं. आता सामान आवरायचं आणि घरी जायचं, बरोबर? पण लेमीने अकूस्टिक गिटार उचलली आणि बडी हॉली, जॉनी कॅश, एडी कॉक्रनची जुनी गाणी सुरू केली. बाकीच्या दोघांनाही ती पाठ! मग काय, मैफलच जमली.

तिघांच्या बँडची नावं एकत्र करून नाव ठरलं ‘द हेड कॅट’. २००० मध्ये अल्बम आला, तोच २००६ मध्ये ‘फूल्स पॅरडाइज’ नावाने पुन्हा निघाला. दुसरा अल्बम थेट २०११ मध्ये. मधल्या काळात मोटरहेडच्या टूरमधून सवड मिळाली की छोट्या क्लबांमध्ये शो. ना घाई, ना टार्गेट!

इथेच खरा फंडा आहे. आवडीची गोष्ट पोटापाण्याचा धंदा झाली की तिच्याबरोबर तारखा येतात, अपेक्षा येतात. मोटरहेडच्या फॅन्सना ‘एस ऑफ स्पेड्स’ हवंच असायचं, दर शोला. लेमीने ते काम कधी टाळलं नाही. तब्बल २२ स्टुडिओ अल्बम केले. पण ज्या गाण्यांनी त्याला पोरवयात झपाटलं, त्यांच्यासाठी त्याने वेगळा कोपरा राखून ठेवला. तिथे त्याला ‘लेजंड’ व्हायची गरज नव्हती. तिथे तो नुसता बडी हॉलीचा फॅन होता.

११ डिसेंबर २०१५ ला बर्लिनमध्ये मोटरहेडचा शेवटचा शो झाला. २८ डिसेंबरला लेमी गेला. सत्तरी पूर्ण करून अवघे चार दिवस झाले होते. मोटरहेड तिथेच थांबला. त्याच्याशिवाय तो बँड शक्यच नव्हता. पण टाइमपास म्हणून सुरू झालेला हेड कॅट? तो मात्र ‘हेडकॅट १३’ या नावाने पुन्हा उभा राहिला. आणि लेमीच्या जागी कोण आला? डेथ मेटलमध्ये नाव कमावलेला डेव्हिड व्हिन्सेंट! म्हणजे आणखी एका मेटलवाल्याला ‘ऑफिसनंतरचा’ बँड मिळाला.

तेव्हा या वीकएंडला ती गिटार खाली काढाच. सूर बिघडले असतील, बोटं दुखतील, शेजारचे काका दार वाजवतील. वाजवू देत! सोमवारी ऑफिस आहेच की.